अक्काच्या वाटेचा प्रश्न

आमच्या गावातून अक्काच्या गावाला जायला जंगलातून पायवाट होती. सकाळी पेज पिऊन निघालं की ऊन तापायच्या आत माणूस तिथे पोचायचं. जेवायचं, बोलायचं, आणि गुरं घरी यायच्या वेळेला परत आपल्या अंगणात. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आम्हा दोघींना एका घरातून दोन गावांत दिलं आणि मधे ही वाट होती. आईबापांनी एवढं मात्र बघून केलं होतं.

वाटेच्या मध्यावर एक ओहोळ आहे. तो ओलांडला की डहाळीचा देव. देव म्हणजे एक काळा दगड, कमरेएवढा. जाणाऱ्यायेणाऱ्याने जवळच्या झाडाची एक डहाळी मोडायची आणि दगडापुढे टाकायची. का टाकायची ते कोणी सांगत नाही. ज्याची त्याने टाकायची, दुसऱ्याच्या नावाने टाकायची नाही, एवढा एकच नियम. बाकीच्या बायका हाताला येईल ती डहाळी मोडत. अक्का कुंभ्याचीच मोडायची आणि मी जांभळीची. लहान असताना आम्ही झाडं भांडून वाटून घेतली होती, ती तशीच राहिली.

त्यामुळे मला कळायचं. ढिगावर कुंभ्याची ताजी डहाळी दिसली की अक्का लाकडाला इथपर्यंत येऊन गेलीय. सुकलेली दिसली की बऱ्याच दिवसांत आलेली नाही, काहीतरी झालंय, बघून यावं. थंडीत कुंभ्याची पानं तांबडी होतात, ओहोळाच्या अलीकडूनच दिसतात. फोन नव्हते तेव्हा आमचं बोलणं एवढंच असायचं, आणि ते पुरायचं.

मग फॉरेस्टवाल्यांनी वाटेच्या तोंडाला गेट घातलं. वाघांसाठी जंगल राखायचं आहे म्हणाले. वाघ आधीही होते. आम्ही बोलत बोलत जायचो, ते बाजूला व्हायचे. पण गेटला कुलूप लागलं ते लागलंच. आता अक्काकडे जायचं तर जोयड्याची बस, तिथून दुसरी बस, मग उतरून चालणं. दिवस मोडतो, रात्र तिथे काढावी लागते. मला सपाटीवर अजून चालता येतं. बसची पायरी मात्र गुडघ्यांना सोसत नाही. एकदा गेले तशी, आणि परत आल्यावर आठवडाभर खाट सोडली नाही.

अक्का फोनवर ओरडून बोलते. तिला वाटतं आवाज जंगलातूनच यायचा आहे. "कधी येतीस गे?" एवढंच विचारायची. मी म्हणायचे, येते. पाय चालताहेत तोवर एकदा त्या वाटेने तिच्याकडे जायचं, मला बाकी काही नको होतं.

आमचे आमदार गावात आले ते मांडावरच्या शेडचं उद्घाटन करायला. मांड म्हणजे गावच्या देवापुढचं मोकळं अंगण. गावाचं जे काही ठरतं ते तिथे ठरतं. माझा दीर गावचा बुधवंत, म्हणजे मुख्य. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याने नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज आमदार सायब आपल्या पायरीला आल्यात..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"त्यांच्या हातून गावाला बस मिळू दे..."

"व्हय म्हाराजा!"

मग टॉवर आला, नर्सबाई आली, भातात शिरणारे गवे आले, शाळेचं छप्पर आलं, गेट आलं. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. आमदार हात जोडून उभे होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे देवाला सांगितलं की मला?"

"दोघांनाबी," दीर म्हणाला. "जो आधी करील त्याचा नारळ."

आमदार हसले. म्हणाले, "देवाला सगळं एकदम चालत असेल, मला नाही चालत. थंडीत आपली विधानसभा बेळगावला भरते. तिथे मी मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. पण एका प्रश्नात एकच गोष्ट बसते. काय ते ठरवा."

तिथेच भांडण जुंपलं. पोरांना टॉवर हवा होता, फोनला रेंज गावात एका कोपऱ्यातच मिळते. म्हाताऱ्यांना बस. गेटचं नाव पुरुषांपैकी कोणी काढेना. आमच्या गावातल्या निम्म्या सुना अक्काच्या गावच्या आणि आमच्या मुली तिकडे दिलेल्या. तरी पुरुष टॉवर टॉवर करत होते.

शेवटी एक सून उठली. तिने कडेवरचं पोर दुसऱ्या बाईकडे दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "टॉवर कशाला पायजे? माझ्या म्हायेरी फोन लावायला? मग वाटच मागा की. मी जाऊन तोंडावर बोलून येतो."

"वाटंवर वाघ हाय," कोणीतरी म्हणालं.

"घरातबी हाय. दिवसभर खाटंवर पडून बिडी वडतोय."

यावर आमदारही हसले आणि भांडण संपलं. वाटेचा प्रश्न ठरला.

आमदारांबरोबर त्यांचा पीए होता. जेवणाच्या पंगतीत मी वाढत होते, तेव्हा त्याने सांगितलेलं मी नीट ऐकून ठेवलं. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत, पण कान धड आहेत. तो म्हणाला, "नुसता प्रश्न दिला की कागदावर उत्तर येतं, त्यात काही नसतं. साहेब ठिपक्याचा, म्हणजे तारांकित, प्रश्न देणार. त्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर दिलं की साहेबांना उपप्रश्न विचारता येतात. खरं काय ते उपप्रश्नात निघतं, आजी."

थंडीत निरोप आला की प्रश्न लागलाय. कोणाचा कधी लागतो ते चिठ्ठ्या टाकून ठरतं म्हणे. आमदारांनी वर बसून बघायचे पासही दिले. टेम्पो केला. पुरुष आणि बायका मिळून टेम्पोभर माणसं बेळगावला गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मला दोघांनी उचलून चढवलं.

ती इमारत मोठी आहे. माझं काम तिथे वर्णनाचं नव्हतं. आत सोडताना मार्शलने कानडीत बजावलं, गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोन चालू ठेवायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. दिराने सगळ्यांना परत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

वरून मंत्री लहान दिसतात. आमच्या आधी दुसऱ्या एका आमदाराचा प्रश्न होता, कुठल्या तरी गावच्या कालव्याचा. मंत्री उठले, कागद वाचला, बसले. तो आमदार परत उठला. मंत्री परत तेच बोलले. तो तिसऱ्यांदा उठला, म्हणाला, पाणी केव्हा सोडणार तेवढं सांगा. तेव्हा मंत्र्यांनी मागे वळून बघितलं. मागे साहेब लोक बसले होते, तिथून चिठ्ठी आली आणि मंत्र्यांनी महिना सांगितला. मला पटलं. म्हैस पहिल्या ओढीला पान्हवत नाही. कास चोळत बसावं लागतं.

मग आमचे आमदार उठले. त्यांनी प्रश्नाचा आकडा सांगितला. मंत्री म्हणाले, उत्तर कागदावर दिलंय. मला वाटलं संपलं. पण अध्यक्षांनी आमदारांना विचारायला सांगितलं, आणि आमदारांनी सुरू केलं. बायामाणसांच्या माहेरी जायच्या वाटा, पिढ्यांपासूनच्या, गेट घातल्यामुळे बंद झाल्या, हे सरकारच्या ध्यानात आलंय काय? कानडी चांगली होती त्यांची, सावकाश, एकेक गोष्ट ठेवत. आमच्या दिराच्या गाऱ्हाण्यासारखीच. शेवटी ते थांबले.

मंत्री उठले आणि म्हणाले, "बंदिदे." आलंय ध्यानात.

आणि आमच्या सगळ्या माणसांनी हात जोडले आणि एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

बोलू नका म्हणून सांगितलं होतं, पण हे बोलणं नव्हे. गाऱ्हाणं संपून वरून शब्द आला की तोंडातून हे निघतंच, जसं जेवून उठल्यावर हात धुवायला जातो. माझंही तोंड उघडलं होतं. पण मी 'केव्हा' ऐकायला थांबले होते, म्हणून शब्द आतच राहिला.

मार्शल धावत आले. खाली सगळे वर बघायला लागले. कोणी हसलं. समोरच्या बाकावरचा एक जण उठून ओरडला की हे गॅलरीत माणसं भरून आणतात. आमच्या बाजूचा एक जण त्याच्यावर ओरडला. मग दोन्हीकडून ओरडणं. आमचे आमदार हात वर करून उभेच होते, दुसऱ्या हातात कागद होता. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि पुढच्या प्रश्नाचा आकडा घेतला. आम्हाला तोवर जिन्यापर्यंत आणलं होतं. मी मागे वळून बघितलं तेव्हा आमदार खाली बसत होते.

बाहेर उन्हात माणसं खुशीत होती. दिराने फेट्याचं टोक सोडून तोंड पुसलं. "बंदिदे म्हणाला! उजवा कौल दिला!"

आमच्याकडे देवाला फुलं चिकटवून कौल लावतात. उजवीकडचं फूल आधी पडलं की देव हो म्हणाला. आणि एकदा उजवा दिला की परत विचारायचं नाही. विचारलं तर देव दिलेलं काढून घेतो.

मी म्हटलं, "भावजी, गेट केव्हा काढणार ते कुठं सांगितलं?"

"देवाला कोण केव्हा म्हणून इचारतंय काय, वैनी?"

"तो देव न्हाई. मंत्री हाय. पाच वर्सांनी बदलतो."

"तुमास्नी कायबी गोड लागत न्हाई," तो म्हणाला आणि गुळाची ढेप फोडायला गेला.

पीए घामाघूम होऊन बाहेर आला. म्हणाला, "अहो काय केलंत! साहेबांचे दोन उपप्रश्न राहिले. केव्हा उघडणार, आणि कोण उघडणार, तेच राहिलं. पुढच्या सभेत परत घालायचा का, साहेब विचारताहेत."

दीर शांतपणे म्हणाला, "सायबांना नमस्कार सांगा. कौल मिळाला. परत इचारायचं न्हाई."

मी तिथे होते, मी बोलले. पण टेम्पोत बुधवंताचा शब्द चालतो, वैनीचा चालत नाही. येताना सगळे गाणी म्हणत होते.

अक्काला फोन केला. ती ओरडली, "उघडलं काय गे?" म्हटलं, ध्यानात आलंय म्हणतात. ती म्हणाली, "माझ्याबी ध्यानात हाय. पुढं काय?" ती अडाणी आहे, अंगठा करते, पण उपप्रश्न तिने बरोबर विचारला.

गेट तसंच. होळी झाली, पाऊस लागला. मी अधूनमधून गेटपर्यंत जायचे. तेवढं चालून पाय मोकळे ठेवायचे होते. तिथला गार्ड भला माणूस, धारवाडकडचा. मला अज्जी म्हणायचा, बसायला आपली खुर्ची द्यायचा.

"अज्जी, ऑर्डर यायला पायजे."

"मंत्री हो म्हणाले, मी या कानांनी ऐकलं."

"हो म्हटल्याची ऑर्डर निघत नाही, अज्जी. मंत्री रोज हो म्हणतात."

गेटच्या पलीकडे वाट दिसायची. सुरुवातीला दिसायची, मग रानमोडी वाढली आणि दिसेनाशी झाली. मी तिथे बसून गार्डाशी पावसाच्या गोष्टी बोलायचे आणि घरी यायचे. ओहोळाच्या पलीकडे अक्काची डहाळी असेल की नाही, ते तिथून कळण्यासारखं नव्हतं. तिच्या बाजूलाही गेट होतं म्हणा. तरी वाटायचं.

पाऊस थोडा उघडला तेव्हा आमदार गणेशगुडीला कसल्याशा कार्यक्रमाला येणार असं कळलं. मी दिराला विचारलं नाही. गुडघ्यांना तेल लावलं आणि बसने गेले. गर्दी होती, हार होते. मी हार घेऊन उभ्या पोरांमधून पुढे गेले आणि म्हटलं, "सायब, परत इचारा."

त्यांनी ओळखलं. म्हणाले, "आजी, तुमच्याच गावाने निरोप दिला की समाधान झालं."

"समाधान गावाचं झालं. माझी भैन गेटापलीकडं हाय."

"गाव परत विचारू नका म्हणत असेल तर?"

"देवाला परत इचारलं तर देव रागावतो. मंत्री रागावला तर रागावू दे, तुमचं काय घेतो?"

ते हसले नाहीत. पीएकडे वळले आणि लिहून घे म्हणाले. या वेळी ठिपक्याचा प्रश्न चिठ्ठीत लागला नाही. बेंगळुरातल्या सभेत कागदावरचं उत्तर आलं. पीएने ते फोनवर पाठवलं, शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. कागदाचे दोन भाग, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. डावीकडे आमदारांनी बरंच लिहिलं होतं. उजवीकडे परत 'बंदिदे', आणि खाली एक वाक्य. वाटेवरच्या देवाच्या वार्षिक दिवशी, आगाऊ परवानगीने, गार्डाबरोबर, गटाने, पायी जाता येईल. सूर्य मावळायच्या आत परत यायचं.

वर्षातून एक दिवस. पूर्वी मी मीठ संपलं तरी जायचे.

दीर गुरुजींच्या मागे उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी आपणहून परवानगीचा अर्ज घेऊन रेंज ऑफिसात गेला. तेवढं त्याचं मानायला पाहिजे.

अक्काला सांगायला फोन केला. ती या वेळी ओरडली नाही, म्हणूनच मला कळलं काहीतरी आहे. तिच्या गावाला सरकारने जंगलाबाहेर जागा देऊ केली होती. ज्यांना जायचं ते जात होते. तिच्या मुलाने रामनगरच्या बाजूला घर घेतलं. पोरांची शाळा, दवाखाना, सगळं जवळ. त्याचं चुकलं म्हणणार नाही, मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. सामान बांधून झालं होतं.

"आता तू कुठल्या वाटंनं येतीस गे?" अक्काने विचारलं.

मी म्हटलं, "बघू."

देवाचा दिवस थंडी सरता सरता येतो. आम्ही बायका गेलो. गार्ड पुढे होता. माझी काठी पाहून म्हणाला, "अज्जी, जमेल ना?" म्हटलं, तू मागे राहू नको म्हणजे झालं. ओहोळापर्यंत रान तोडत जावं लागलं. पाय वाट विसरले नव्हते. कुठे दगड, कुठे मूळ, कुठे वाकायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

देवापुढचा ढीग कुजून माती झाला होता. एकही हिरवी डहाळी नव्हती. पलीकडून कोणी आलं नव्हतं. अक्काच्या गावात मोजकी घरं राहिली होती, आणि त्यांना परवानगीचं कोणी सांगितलं नसावं. मी जांभळीची डहाळी मोडली आणि टाकली. बाजूलाच कुंभा होता, पानं तांबडी. मी हात वर केला, एक फांदी धरली. मग सोडून दिली. ज्याची त्याने टाकायची.

सुना पुढे गेल्या, माहेरी कोण उरलंय ते बघायला. मी देवापाशीच बसले. पुढे जाऊन काय करायचं होतं? अक्काच्या घराची कौलंसुद्धा उतरवून नेली होती. बसून मी तिची वाट बघितली, हे माहीत असून की ती येणार नाही. म्हातारपणी असं होतं. गार्ड लांब उभा राहून बिडी ओढत होता. सुना आल्या, आम्ही परत आलो.

नंतर महिन्याभराने मी बसनेच रामनगरला गेले. परसातली कणगरं खणून नेली, अक्काला ती उकडून लागतात. घर चांगलं आहे, फरशी आहे, नळ आहे. अक्का दारात खुर्चीवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाही, मी तिच्या अधू झालेल्या डोळ्यांची केली नाही. सुनेने चहा दिला.

"देवाकडं गेलतीस?" तिने विचारलं.

"गेलतो."

"डाहाळी टाकलीस?"

"टाकली. माझी."

"माझी?"

"तुझी मी कशी टाकू? तूच ये."

तिने कप खाली ठेवला. रस्त्यावरून ट्रक गेले. मग म्हणाली, "आमी गाव सोडल्याली माणसं. आमाला त्या दिवशी सोडत्यात काय, गेटातून?"

मला माहीत नव्हतं. कागदावर तसं काही नव्हतं, ना डावीकडे ना उजवीकडे. गाव सोडून गेलेल्यांना देवाच्या दिवशी वाट आहे की नाही, हे कोणी विचारलंच नव्हतं.

"चालशील काय तू?" मी विचारलं.

"तू धरलीस तर."

मी चहा संपवला आणि तिच्या नातीला फोन लावायला सांगितला. पीएने उचलला. मी म्हटलं, गावची आजी बोलते, वाटेची. तो म्हणाला, "आता काय राहिलं, आजी?" म्हटलं, उपप्रश्न राहिलाय. लिहून घे. अक्का खुर्चीवरून पुढे वाकून ऐकत होती, आणि मी सांगत असताना मधेच, पीएला ऐकू जाईल अशा आवाजात, ओरडली, "केव्हा ते इचार गे!"